दोन बोटांची जागा

महादबा शिंप्यांनी परक्या माणसाच्या गळ्याचे माप आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने घेतले नाही. छाती, खांदा, बाही, उंची ही सारी मापे ते घेत, पण गळ्यापाशी आले की टेप गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि दोन पावले मागे सरून म्हणत, "हां, आता तुमचं तुमी घ्या. दोन बोटं आत घाला, न् मग आकडा वाचा."

नवखे गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. शिंप्याने माप घ्यायचे की आपण? कोणी तसे विचारलेच तर उत्तर ठरलेले असे. "परक्याच्या गळ्याला दोरी लावू नये, असं आमचा बाप सांगायचा. गळ्यात हात घालावा तो सख्ख्यानं." आणि ती दोन बोटे कशासाठी? "एक बोट घास उतरायला न् एक आवंढा गिळायला. मानसाला दोन्ही लागतं."

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षे अवकाश होता. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे मराठी आणि भूगोल यांच्या जोडीला शिवणाचा तासही दिला. मला शिवण येत नव्हते. ते सांगण्याचे धैर्यही झाले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनावरून बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, महादबांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. बराच वेळ उभीच होते.

"बाई, उभ्या का? कापड कुटंय?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले.

"कापड नाही आणलं. मला शिकायचं आहे."

"तुमाला? शाळंतल्या बाईला?"

"कुणाला सांगू नका."

"आवं, सांगतोय कोन! ह्या धंद्यात तोंड चालवत न्हाईत. सुईला बघा, नाक हाय, तोंड न्हाई." आणि त्यांनी फळीवरचे कपडे बाजूला सारून मला बसायला जागा केली.

ते दुकान म्हणजे दोन हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात एवढे होते. ओल वर येऊ नये म्हणून जमिनीपासून हातभर उंच फळ्या टाकलेल्या. आषाढ-श्रावणात कपडे वाळेनासे झाले की त्या फळ्यांच्या टोकाला कोळशाची शेगडी पेटे आणि तिच्यावर साऱ्या गावाचे शर्ट धुक्यात टांगल्यासारखे दिसत. एका कोपऱ्यात शिवणयंत्र होते. पण कॉलरीला ते यंत्र लावीत नसत. "मिशीन कापडाला कापड जोडतं. मानेशी त्याची वळख न्हाई."

महादबा अंगाने किरकोळ, पाठीत थोडे वाकलेले. त्यांच्या अंगात नेहमी बिनकॉलरीची पैरण असे. सगळ्यांना कॉलरी शिवणाऱ्या या माणसाने स्वतःला एकही शिवली नव्हती. मी एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "आमचं काम मान खाली घालून करायचं. ताठ कालर घातली तर टाका कसा दिसंल?" कॉलरीला ते 'कालर' म्हणत, आणि त्या शब्दात त्यांच्या तोंडी असा काही आदर असे की पुढे पुढे मलाच माझा शुद्ध उच्चार परका वाटू लागला.

नवे कपडे त्यांच्याकडे कमीच येत. त्यांचे खरे काम कॉलर पलटण्याचे. शर्टाचे अंग पाच-सहा वर्षे टिकते, पण कॉलर घडीवर दोन-तीन वर्षांतच विरते, तिचे धागे निघतात. मग ती मानेच्या पट्टीपासून उसवायची, खालची बाजू वर करायची आणि पुन्हा शिवायची, की शर्टाला दुसरा जन्म मिळतो. रेल्वेतले कारकून, पोस्टातले बाबू, आमच्या शाळेला भेट देणारे तपासनीससुद्धा महादबांच्याच हातच्या दुसऱ्या जन्मावर प्रतिष्ठा सांभाळून होते. असे शर्ट ते दर्शनी खुंटीला कधी टांगीत नसत. वर्तमानपत्रात गुंडाळून, नवा कपडा द्यावा तसे देत. "पलटली हे दोघांनाच ठावं असावं. मला न् त्या मानेला."

त्यांनी मला प्रथम शिवायला शिकवले नाही, उसवायला शिकवले. उसवताना प्रत्येक कॉलरीच्या डाव्या टोकाला, पट्टीच्या आत, बोटाच्या पेराएवढे दोऱ्याचे शेपूट मला सापडे. मी समजत होते की कापायचे राहून गेले असावे. ते हसले. "ऱ्हायलं न्हाई, ठेवलंय. उद्या ही कालर कोन उसवंल, काय ठावं? त्याला दार दाखवून ठेवावं. न्हाईतर बिचारं कातर घालतं न् कापड जखमी होतं." त्या शेपटाला हलके ओढले की सारी शिवण एका दमात सुटत येई.

गावात मान आणि तिच्याभोवतीची कुठलीही वस्तू याबद्दल अडचण आली की लोक महादबांकडे येत. खंडाळ्याचे एक पाद्री आपली पांढरी ताठ कॉलर घेऊन आले होते. ती मागून बटण लावायची, पुढून अखंड. महादबांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "फादर, पुढनं बंद न् मागनं उघडी? मग देवाला तोंड दावायचं का पाठ?" पाद्रीबाबा गडगडाटी हसले. पण त्या कॉलरीने त्यांच्या गळ्याला लाल वळ उठला होता, तो महादबांनी पाहिला होता. त्यांनी आतून जुन्या धोतराचा मऊ पदर लावून दिला.

एका बंगल्यावरचा बटलर मडमेचा कुत्रा घेऊन आला. चामड्याच्या पट्ट्याने त्याच्या मानेचे केस गेले होते. "याला काही अस्तर होईल का?" महादबांनी टेप बटलरच्या हाती दिली.

"अहो, कुत्र्याचं तरी माप तुम्ही घ्या!"

"मी त्याचा कोन? तुमी रोज भाकरी घालता, तुमी घ्या."

तिकोना पेठेहून धोंडिबा नावाचा एक शेतकरी तर गाडीचा बैलच दुकानासमोर उभा करून आला होता. जुवाला बांधायच्या जुपणीने बैलाची मान सोलली होती. गिऱ्हाइके हसू लागली, "म्हादबा, आता बैलाला कालर शिवा." महादबा फळीवरून खाली उतरले, बैलाच्या मानेकडे पाहून त्यांनी चक् चक् केले आणि धोंडिबाला म्हणाले, "तुमीच हात फिरवा, कुटं दुखतं ते त्यो तुमाला सांगंल." मग गोणपाटात कापूस भरून त्यांनी जुपणीला खोळ शिवली. दोन बोटांची जागा तिथेही सोडली. हसणाऱ्यांना एवढेच म्हणाले, "मान ती मान. त्यो बोलत न्हाई म्हनून त्याला आवंढा न्हाई का?"

महादबांना एकच मुलगा होता, गणपत. बायको लवकर गेल्यामुळे त्यांनी त्याला एकट्याने वाढवले होते. गणपतला सुईची आवड नव्हती. तो एका बंगल्यावर मोटारीचे काम शिकला, हाताला तेलाचा वास घेऊन घरी येऊ लागला, आणि लढाई सुरू होऊन वर्ष झाले असेल-नसेल, तोच लष्करात लॉरी चालवायला त्याने नाव दिले.

तो निघाला त्या दिवशी मी दुकानात काजे घालत बसले होते. महादबांनी त्याच्यासाठी निळ्या रंगाचे चांगले कापड आणून ठेवले होते. गणपत निरोप घ्यायला आला, तेव्हा त्यांनी टेप उचलली आणि ती स्वतःच्या दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याकडे नेली. इतक्या वर्षांत त्यांना मी तसे करताना प्रथमच पाहत होते.

गणपत एकदम मागे सरला. "आबा, ही फीत माझ्या गळ्यात घालू नका. जल्मभर लोकांच्या मळक्या कालरी उलटवल्यात तुमी. मला न्हाई असं मान खाली घालून जगायचं."

टेप तशीच हवेत लोंबत राहिली. मी काजावरून डोळे वर केले नाहीत. काही वेळाने महादबांनी ती स्वतःच्या बोटांभोवती सावकाश गुंडाळली.

"बरं," ते म्हणाले. "गाडी किती वाजता हाय?"

निळा शर्ट त्यांनी शिवला. खांदा, छाती, बाही ही मापे त्यांना पाठ होती. बटणे लावली, काजे घातली, इस्त्री केली. कॉलर तेवढी लावली नाही. तो बिनमानेचा शर्ट यंत्राच्या वरच्या खुंटीला, एका जुन्या पंचाखाली टांगलेला असे. पंचा वाऱ्याने सरकला की गिऱ्हाईक विचारी, "म्हादबा, ह्या शर्टाची मान कुटं गेली?"

"लढाईवर गेलीय. यील."

गणपतची पत्रे येत. तीन-चार ओळींची, कुठून आली ते न कळणारी. महादबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले होते, म्हणून ती मी वाचून दाखवी आणि उत्तरही मीच लिही. त्यांचा मजकूर दर वेळी एकच असे: "खुशाल हाय. पाऊस हाय. जेवत जा." मी एकदा भीत भीत सुचवले की गळ्याचे माप त्याच्याकडून मागवून घ्यावे, त्याने मानेभोवती दोरा धरून, तेवढा कापून पाकिटातून पाठवला तरी काम होईल.

"दोरा यील पाकिटातनं," ते म्हणाले. "मान कशी यील?"

त्या दिवशी मी एक आगाऊपणा केला. त्यांची तीन वाक्ये लिहून झाल्यावर खाली स्वतःच्या मनाने चौथे लिहिले: 'निळ्या शर्टाची कॉलर लावायची राहिली आहे.' हे मी त्यांना वाचून दाखवले नाही. गणपतच्या पुढच्या पत्रातही त्याबद्दल अक्षर नव्हते. मला अपराध्यासारखे वाटत राहिले.

पुढे कापडाला रेशन आले आणि कॉलरी पलटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नव्या कॉलरीला कापड पुरेना, म्हणून तिचा वरचा पदर तेवढा अखंड घ्यायचा आणि खालचा दोन तुकडे मधोमध जोडून करायचा, अशी वेळ आली. जोड खाली दडलेला असे, म्हणून चाले. तो वर आला तर शिंप्याची चूक. एवढे काम आणि महादबांची नजर मात्र दिवसेंदिवस विझत चाललेली. शाळा सुटल्यावर मी जाऊन दहा-बारा सुया ओवून ठेवी. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना पुरत. कापड ते गालाला लावून ओळखत, टाका अंगठ्याच्या नखाने मोजत. चिंधी टाकून द्यायला मी निघाले की अंदाजाने हात पुढे करून ती परत घेत. "जुनं आधी वापरावं बाई. चांगलं आधी वापरलं की मागनं मानूस उघडं पडतं."

पुण्याला डोळ्यांची शस्त्रक्रिया होते, मी घेऊन जाईन, असे मी त्यांना म्हटले होते. त्यांनी मान हलवली. "तितं महिनाभर डोळ्याला पट्टी बांधून निजवत्यात. तेवढ्यात पोरगा आला न् दुकान बंद दिसलं तर? फिरून जाईल त्यो. आधीच रागावलेला हाय." मग बोटांनी समोरची फळी चाचपत म्हणाले, "एक कालर ऱ्हायलीय. तेवढी माझ्या हातनं होऊंद्या, मग डोळं न्हेलं तरी चालंल."

डोळे आधी गेले. माणूस उजेडात आहे की सावलीत, एवढेच त्यांना समजे.

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची दुपार होती. मी सुया ओवत होते. दारातला उजेड अडला म्हणून मी वर पाहिले. खाकी कपड्यातला एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. त्याची मान इतकी भरली होती की मीसुद्धा त्याला क्षणभर ओळखले नाही. तो आत डोकावून न हलता पाहत होता, आणि महादबा त्याच्याकडे तोंड करून असे काही हसले, जसे ते कोणत्याही परक्याकडे पाहून हसत.

"या साहेब. काय शिवायचंय?"

गणपतच्या चेहऱ्यावर जे झाले ते मी लिहिणार नाही. बापाची नजर गेल्याचे त्याला कोणी कळवले नव्हते, मीही नाही. मग तो म्हणाला, "कालर ऱ्हायलीय म्हनं."

महादबांच्या हातातली सुई थांबली. आवाज त्यांनी ओळखला होता, यात मला शंका नाही, कारण ओढलेला दोरा तसाच अर्धवट राहिला होता. त्यांनी फळीवरची टेप चाचपून घेतली आणि एखाद्या गिऱ्हाइकापुढे करावी तशी पुढे केली.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं तुमी."

गणपतने टेप घेतली नाही. तो फळीच्या खाली, त्यांच्या पायांशी बसला, खाकी सदऱ्याचे वरचे बटण काढले आणि मान पुढे केली. "तुमी घ्या, आबा."

टेप बाजूला ठेवून महादबांनी दोन्ही तळहात त्याच्या मानेभोवती नेले. कानामागून, मग मागच्या हाडावरून, मग पुढे कंठापाशी. कापड तपासावे तसे सावकाश. "साडेपंधरा," ते म्हणाले. "गेलास तवा नुस्त्या नजरेनं चौदा धरली व्हती." मग टेप घेऊन मानेभोवती धरली आणि आपली दोन बोटे आत घातली. गणपतने आवंढा गिळला. बोटांना तो कळला असावा, महादबा म्हणाले, "हां. एवढी जागा पायजेच."

ती कॉलर करायला त्यांना तीन दिवस लागले. निळ्या कापडाचे तुकडे इतकी वर्षे एका डब्यात जपलेले होते, तरी ते दोन अखंड पदरांना पुरले नाहीत. खालच्या पदराला जोड द्यावा लागला. मी मदत करू म्हटले तर ऐकले नाही. "तुमी सुया ओवा, बस्."

चौथ्या दिवशी शर्ट तयार झाला. त्यांनी तो पुढे धरला. कॉलर उलटी लागली होती. जोडाची बाजू वर आली होती. मानेच्या मागे, बरोबर मधोमध, ती उभी शिवण कोणालाही दिसली असती. अखंड बाजू खाली गेली होती. इतक्या वर्षांच्या हातून ही चूक, आणि नेमकी याच शर्टात! मी बोलायला तोंड उघडले. गणपतने जोडावरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. मग त्याने शर्ट अंगात घातला आणि वरचे बटण लावले.

"लागतीय का कुटं?" महादबांनी विचारले.

"न्हाई आबा. कालर हाय का न्हाई, तेच कळंना."

त्या दुकानात याहून मोठी स्तुती कोणाची झालेली मी ऐकली नव्हती. महादबांनी उठून, भिंतीला धरून, त्याच्यापर्यंत जाऊन पुन्हा एकदा ती दोन बोटे आत घालून पाहिली. ती लगेच बाहेर काढली नाहीत. दारातून येणाऱ्या उन्हात बापलेक तसे उभे राहिले होते. महादबांना डोळ्यांसमोर आणायचे म्हटले की मला हेच दिसते: पाठ थोडी वाकलेली, तोंड वर केलेले, आणि दोन बोटे मुलाच्या गळ्यापाशी.

गणपत मालाची लॉरी चालवू लागला. बाजारात एकाने त्याला हटकले, "गनपतराव, कालर उलटी का हो?" तर म्हणाला, "आमच्या आबांनी लावलीय. तुमच्याकडं हाय का असली?" पुन्हा कोणी विचारले नाही. पुढच्या चैत्रात महादबा गेले. आदल्या दिवसापर्यंत फळीवर बसत होते.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी गणपत माझ्याकडे आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो निळा शर्ट त्याच्या हातात होता. आता तो निळा राहिला नव्हता. उन्हाने आणि धुण्याने राखाडी झाला होता. कॉलर घडीवर विरली होती. "बाई, दुसऱ्या कुनाकडं द्यावंसं वाटंना. तेवढी पलटून द्या."

मी डाव्या टोकाला पट्टीच्या आत पाहिले. दोऱ्याचे शेपूट होते. ते हलके ओढले आणि कॉलर एका दमात सुटून माझ्या हातात आली. ती उलटी केली, तो खालची बाजू अखंड, न विरलेली, आणि रंग तोच, महादबांनी दुकानात कापड आणून ठेवले होते त्या दिवसाचा. मी जोडावर अंगठा ठेवला. शिवण चांगली उंच लागत होती. गालाला लावून कापड ओळखणाऱ्या, नखाने टाके मोजणाऱ्या त्या हातांना हा जोड कळला नसेल? इतकी वर्षे मी ज्याला चूक समजत होते, ते त्यांनी पुढच्यासाठी आत राखून ठेवले होते, असे आज मला वाटते. त्यांना विचारायचे तर राहून गेले.

मी कॉलर हाताने शिवली. शेवटी दोऱ्याचे शेपूट ठेवले. गणपतने शर्ट तिथेच घालून पाहिला, आपली दोन बोटे आत घातली, "बराबर" म्हणाला आणि बाजाराच्या रस्त्याने उतरून गेला. विटलेल्या शर्टावर ती नवी निळी कॉलर पार वळणापर्यंत दिसत होती.